चौथी शिकलेल्या शेतकऱ्याने आधी गावाची पत उभी केली आणि मग साखर कारखाना

शिर्डीला साईबाबांच्या दर्शनाला तुम्ही कधी ना कधी गेला असाल. हिवाळ्यात गेला असाल तर एक गोष्ट नक्की लक्षात राहिली असेल. रस्त्यावर पुढे उसाने खचाखच भरलेला ट्रॅक्टर आणि मागे अडकलेली भाविकांची गाडी.

हा ऊस जातो कुठे?

शिर्डीहून अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, त्याच राहाता तालुक्यात लोणी नावाचं गाव आहे. गावाला लागूनच प्रवरानगर. तिथे साखर कारखाना आहे, शाळा-कॉलेजं आहेत, मोठं हॉस्पिटल आहे. आज हे सगळं बघून वाटतं की कुणा मोठ्या उद्योगपतीने इथे पैसा ओतला असणार.

पण तसं काहीही झालेलं नाही. या सगळ्याची सुरुवात एका शेतकऱ्यापासून झाली. त्यांचं शिक्षण फक्त चौथीपर्यंत झालं होतं आणि त्यांनी उभी केलेली पहिली संस्था होती गावातली एक छोटी पतपेढी.

त्यांचं नाव विठ्ठलराव एकनाथराव विखे पाटील.

आज विखे पाटील म्हटलं की आपल्याला निवडणुका, मंत्रिपदं आणि नगर जिल्ह्याचं राजकारण आठवतं. पण या नावाला वजन आलं ते कशामुळे, हे समजून घ्यायचं असेल तर शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं.

दुष्काळात जन्मलेलं पोर

विठ्ठलरावांचा जन्म १२ ऑगस्ट १८९७ चा. दिवस नारळी पौर्णिमेचा.

हे साल लक्षात ठेवा. १८९६-९७ चा दुष्काळ नुकताच महाराष्ट्राला पोळून गेला होता. मुंबई-पुण्यात प्लेग होता. हे सावरतंय तोवर १८९९-१९०० चा दुसरा मोठा दुष्काळ आला. नगर जिल्हा मुळातच पर्जन्यछायेतला. पाऊस सह्याद्रीच्या माथ्यावर कोसळायचा आणि इकडे येईपर्यंत ढग रिकामे व्हायचे.

घर पाटलांचं होतं, म्हणजे गावात मान होता. पण मानाने कणगी भरत नाही. शाळा चौथीपर्यंत झाली आणि विठ्ठलराव शेतीला लागले. त्या काळात बहुतेक शेतकऱ्यांच्या पोरांचं असंच व्हायचं.

पाणी आलं, पण कर्ज गेलं नाही

विठ्ठलराव तरुण होत असताना या भागात एक मोठी गोष्ट घडत होती. प्रवरा नदीवर भंडारदऱ्याला धरण बांधलं जात होतं. १९१० साली काम सुरू झालं आणि १९२६ साली ते पूर्ण झालं. इंग्रजांनी त्याला विल्सन डॅम असं नाव दिलं. प्रवरेचं पाणी कालव्यांनी शिवारात फिरू लागलं. वरच्या अंगाला गोदावरीचे कालवे कोपरगाव-राहात्याकडे पाणी आणत होते.

जिथे बाजरी आणि ज्वारी आभाळाकडे बघत उभी राहायची, तिथे आता बारमाही ऊस उभा राहू लागला.

आता तुम्ही म्हणाल, मग तर शेतकरी सुखी झाला असेल!

इथेच खरी गोम आहे. उसाला पैसा लागतो. बेणं, खत, मजुरी, पाणीपट्टी हे सगळं आधी घालायचं आणि पीक हाती यायचं वर्ष-दीड वर्षाने. तेवढे दिवस तग धरायला रोख रक्कम कुणाकडे होती? मग शेतकरी जायचा सावकाराकडे. सावकार पैसे द्यायचा, पण जमीन लिहून घ्यायचा. व्याज इतकं असायचं की मुद्दल तसंच राहायचं आणि माणूस व्याज फेडता फेडता म्हातारा व्हायचा.

पीक निघालं की गुऱ्हाळ लागायचं. गूळ तयार व्हायचा, ढेपा अडत्याकडे जायच्या. भाव तिथे ठरायचा आणि तो ठरवण्यात शेतकऱ्याला काही आवाज नसायचा. गुळाचा भाव पडला की वर्षभराची मेहनत कर्जाच्या खात्यात जमा.

या सावकारीचा राग महाराष्ट्राने आधी पाहिला होता. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांवर उठाव केला होता. इतिहासात तो दख्खनचे दंगे म्हणून ओळखला जातो. शेतकऱ्यांनी तेव्हा सावकारांची खतं आणि वह्या जाळल्या. त्यानंतर १८७९ साली इंग्रजांनी शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदाही केला.

पण वह्या जाळून कर्जाची गरज जळत नाही. पुढच्या पेरणीला पैसा लागतोच आणि तो देणारा दुसरा कुणी नसेल तर पाय पुन्हा त्याच ओट्याकडे वळतात.

१९२३ : लोणीची पतपेढी

१९०४ साली भारतात सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. कल्पना साधी होती. गावातल्या लोकांनी एकत्र येऊन संस्था काढायची, थोडे थोडे पैसे जमवायचे, वरच्या बँकेकडून कर्ज घ्यायचं आणि आपल्यातल्या गरजूंना कमी व्याजाने द्यायचं.

१९२३ साली विठ्ठलरावांनी लोणी बुद्रुकमध्ये अशी पतपेढी उभी करण्यात पुढाकार घेतला. तेव्हा त्यांचं वय पंचविशीच्या आसपास होतं.

आज पतपेढी हा शब्द आपण इतक्या वेळा ऐकतो की त्याचा अर्थ विसरलोय. पत म्हणजे विश्वास. या माणसाला पैसे दिले तर तो परत करेल, हा विश्वास. सावकाराकडे शेतकऱ्याची पत म्हणजे त्याची जमीन होती. पतपेढीत शेतकऱ्याची पत म्हणजे त्याचा शब्द आणि त्याच्या शेजाऱ्याची साथ.

आणि ही जोखीम छोटी नव्हती. त्या काळातल्या गावच्या पतसंस्था साधारणपणे अमर्यादित जबाबदारीच्या असायच्या. म्हणजे एका सभासदाने कर्ज बुडवलं तर त्याचा बोजा बाकीच्यांवर येऊ शकायचा. विचार करा. आज आपण मित्राला जामीन राहताना दहा वेळा विचार करतो. इथे तर अख्ख्या गावाने एकमेकांना जामीन राहायचं होतं.

म्हणजे पतपेढी चालवणाऱ्याचं खरं काम वहीतले आकडे जुळवण्याचं नव्हतं. कुणाला खरंच बियाण्यासाठी पैसे हवेत, कोण ते लग्नात उडवेल, कोण अडचणीत आहे पण लाजेने बोलत नाही, हे त्याला ओळखता यायला हवं होतं. गावात हयात काढलेल्या माणसालाच हे जमतं. विठ्ठलरावांना ते जमलं. लोणीची पतपेढी टिकली आणि सहकाराने आपलं काम होऊ शकतं, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं.

पुढे जे काही झालं त्याचा पाया हाच होता.

साखर आली, मालक मात्र दुसरेच

१९३२ साली सरकारने देशी साखर उद्योगाला संरक्षण दिलं. बाहेरून येणाऱ्या साखरेवर जकात बसली आणि देशात साखर कारखाने काढणं फायद्याचं झालं.

नगर जिल्ह्यात ऊस होता, पाणी होतं, रेल्वे होती. हरेगावला बेलापूर कंपनीचा कारखाना आधीपासून होता. नंतर टिळकनगरला, कोपरगावजवळ साकरवाडीला असे खासगी कारखाने उभे राहिले.

या कारखान्यांची एक खास पद्धत होती. ते शेतकऱ्यांकडून ऊस विकत घेण्यापेक्षा स्वतःच ऊस पिकवायचे. त्यासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घ्यायचे. हजारो एकर सलग जमीन कारखान्याच्या ताब्यात.

शेतकऱ्याला काय मिळायचं? ठरलेला खंड. जमीन कागदावर त्याची, पण नांगर कारखान्याचा. अनेकांनी कर्जाला कंटाळून जमिनी दिल्या आणि त्यातले कित्येक जण आपल्याच रानात मजूर म्हणून राबले.

नगर जिल्ह्यातल्या वाचकांना खंडकरी हा शब्द वेगळा सांगायला नको. पुढे १९६१ च्या जमीनधारणा कायद्यानंतर कारखान्यांकडच्या या जमिनी सरकारकडे गेल्या, त्यासाठी शेती महामंडळ निघालं आणि मूळ मालकांच्या वारसांना त्या परत मिळवण्यासाठी कित्येक दशकं लढावं लागलं. एकदा हातातून गेलेली जमीन परत येणं किती अवघड असतं, ते या भागाने तीन पिढ्या भोगलंय.

चाळीसच्या दशकात लोणी परिसरातल्या शेतकऱ्यापुढे म्हणूनच दोनच रस्ते दिसत होते. एक तर गूळ करून बाजाराच्या लहरीवर जगायचं, नाहीतर जमीन कारखान्याला द्यायची.

विठ्ठलरावांच्या मनात तिसरा रस्ता होता. ऊस आपला आहे, तर कारखानाही आपलाच का नको?

पाटील आणि प्रोफेसर

ही कल्पना ऐकायला सोपी आहे. पण तेव्हाच्या लोकांना ती वेडेपणाचीच वाटली असणार. साखर कारखाना म्हणजे लाखोंचं काम. यंत्रं परदेशातून आणायची, इंजिनियर लागणार, केमिस्ट लागणार. धोतर-फेटेवाल्या शेतकऱ्यांना हे जमणार आहे का, असा प्रश्न पडणं साहजिक होतं.

डिसेंबर १९४५ मध्ये बेलापूर रोडला, म्हणजे आजच्या श्रीरामपूरला, कालव्यावरच्या बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे प्रा. धनंजयराव गाडगीळ.

इथे दोन अगदी वेगळी माणसं एकत्र आली. गाडगीळ केंब्रिजला शिकलेले, देशात नाव असलेले अर्थतज्ज्ञ. विठ्ठलराव चौथी शिकलेले शेतकरी. एकाला सहकाराचं अर्थशास्त्र माहीत होतं आणि दुसऱ्याला लोणीच्या पंचक्रोशीतलं प्रत्येक घर.

गाडगीळांनी शेतकऱ्यांच्या सहकारी कारखान्याच्या कल्पनेला अभ्यासाचं बळ दिलं. मुंबई राज्याच्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळात तेव्हा वैकुंठभाई मेहता अर्थमंत्री होते. त्यांचं सगळं आयुष्य सहकारी बँकेत गेलेलं. त्यामुळे सरकारदरबारी या कल्पनेला समजून घेणारा माणूस मिळाला.

पण सरकार आणि बँका तेव्हाच पुढे येणार होत्या, जेव्हा शेतकरी स्वतःचे पैसे घालतील. आणि ते जमवायचं काम होतं विठ्ठलरावांचं.

दारोदार फिरून जमवलेलं भांडवल

तेव्हा विठ्ठलराव पन्नाशीला आले होते. ज्या वयात माणूस घरचं काम पोरांवर सोपवून ओट्यावर बसायला लागतो, त्या वयात ते गावोगाव फिरायला लागले.

काम एकच होतं. शेतकऱ्याला शेअर घ्यायला तयार करायचं.

आज आपण मोबाईलवर दोन मिनिटांत शेअर घेतो. तेव्हा शेअर म्हणजे काय हेच शेतकऱ्याला माहीत नव्हतं. पैसे द्यायचे, पण बदल्यात लगेच काही हातात येत नाही. कारखाना अजून जागेवर नाही. यंत्रं कधी येतील ते माहीत नाही. आणि पैसे मागणारा म्हणतोय की हा कारखाना तुमचा आहे.

तुम्ही दिले असते का?

लोकांनी दिले. कुणी गूळ विकून दिले, कुणी जनावर विकून. घरातलं किडूकमिडूक मोडून शेअर घेतल्याच्या आठवणी त्या भागात पुढच्या पिढ्यांनी ऐकल्या. यामागे कसलं आमिष नव्हतं. लोकांनी पंचवीस वर्षं या माणसाला पतपेढी चालवताना पाहिलं होतं. एवढी वर्षं आपल्या पैशाला धक्का लागला नाही, आता कशाला लागेल, हा साधा हिशेब होता.

१९२३ ला जमवायला सुरुवात केलेली पत १९४८ ला अशी कामी आली.

त्या वर्षी प्रवरा सहकारी साखर कारखान्याची नोंदणी झाली. शेतकऱ्यांच्या भागभांडवलाला सरकारची मदत मिळाली, नव्याने सुरू झालेल्या औद्योगिक वित्त महामंडळाकडून कर्ज मिळालं आणि लोणीच्या माळावर चिमणी उभी राहिली. १९५० संपता संपता गव्हाणीत उसाची पहिली मोळी पडली. दिवसाला साधारण ५०० टन ऊस गाळणारा कारखाना सुरू झाला. आजच्या मानाने हा आकडा छोटा आहे, पण त्या काळात तो एक चमत्कार होता.

आशियातला पहिला?

प्रवराचा उल्लेख अनेकदा आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना असा होतो. इथे थोडा खुलासा करायला हवा. आंध्रात एटिकोप्पाका या गावी १९३० च्या दशकातच सहकारी तत्त्वावर साखर कारखाना निघाला होता.

मग प्रवराचं महत्त्व कमी होतं का? अजिबात नाही. प्रवराने एक घडी घालून दिली आणि ती महाराष्ट्रभर गिरवली गेली. कोपरगाव, राहुरी, माळेगाव, वारणा, सांगली अशी एकामागून एक नावं पुढच्या काही वर्षांत उभी राहिली. पन्नास आणि साठच्या दशकांत ग्रामीण महाराष्ट्राचा चेहरा ज्या कारखान्यांनी बदलला, त्यांनी आधी लोणीकडे पाहिलं होतं.

घडी काय होती?

एक, ऊस घालणारा शेतकरीच कारखान्याचा मालक. दोन, कुणाकडे कितीही शेअर असले तरी मत एकच. दोन एकरवाला आणि पन्नास एकरवाला मतदानाच्या पेटीपुढे सारखे. तीन, नफा दूरच्या मालकाच्या खिशात जाणार नाही. तो उसाच्या भावातून सभासदाकडे आणि राहिलेला परिसराच्या कामाकडे जाणार.

खुर्ची मात्र दुसऱ्याला दिली

आता या गोष्टीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग.

कारखाना उभा राहिला तेव्हा अध्यक्ष कोण झालं असेल? ज्याने दारोदार फिरून भांडवल जमवलं तोच ना?

नाही. अध्यक्ष झाले धनंजयराव गाडगीळ. विठ्ठलराव उपाध्यक्ष. सुरुवातीची जवळपास दहा वर्षं हीच व्यवस्था होती.

आजच्या काळात साध्या सोसायटीच्या अध्यक्षपदावरून भावाभावांत फूट पडते. त्यामुळे हे कदाचित खरं वाटणार नाही. पण यात मोठेपणाइतकंच शहाणपणही होतं. गाडगीळ बाहेरचे होते. त्यांचा लोणीत ऊस नव्हता, भावकी नव्हती, सोयरेधायरे नव्हते. नोकरीला कुणाला घ्यायचं, कुणाचा ऊस आधी तोडायचा, काट्यावर कुणाला सवलत द्यायची, या भांडणांत अध्यक्षाचा काहीच स्वार्थ नव्हता. जिथे पैसा येतो तिथे संशयही येतो. तो येण्याआधीच विठ्ठलरावांनी त्याची वाट अडवली होती.

शेतकऱ्यांची संस्था आणि तिच्या प्रमुखपदी विद्वान माणूस, या जोडीने कारखान्याला सुरुवातीच्या वर्षांत शिस्त लावली. हेच गाडगीळ पुढे देशाच्या नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले.

१९६१ हे वर्ष विठ्ठलरावांच्या कामाला देशाने दाद दिल्याचं वर्ष ठरलं. पंतप्रधान पंडित नेहरू प्रवरानगरला आले आणि त्याच वर्षी विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. तोवर ते साठी ओलांडून गेले होते.

साखरेतून शाळा, शाळेतून दवाखाना

कारखाना चालला, भाव मिळाला, सावकाराचा पाश सैल झाला. इथे थांबलं असतं तरी त्या पिढीने विठ्ठलरावांचे उपकार मानले असते. पण ते थांबले नाहीत.

१९६४ साली प्रवरा ग्रामीण शिक्षण संस्था सुरू झाली. त्याच वर्षी प्रवरा पब्लिक स्कूल निघालं. पब्लिक स्कूल हा शब्द तेव्हा पाचगणी आणि डेहराडूनच्या श्रीमंतांच्या पोरांसाठी होता. विठ्ठलरावांनी ती सोय उसाच्या फडाशेजारी आणली. स्वतः चौथीनंतर शाळा सोडावी लागलेल्या माणसाला शिक्षणाचं मोल पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

१९७२ साली प्रवरा मेडिकल ट्रस्ट झाला. महाराष्ट्राच्या आठवणीत हे साल दुष्काळाचं आहे. १९७६ मध्ये लोणीला ग्रामीण रुग्णालय सुरू झालं. तोपर्यंत मोठं दुखणं आलं की नगर, नाशिक नाहीतर पुणे गाठायचं, आणि ते गाठेपर्यंत अनेकदा उशीर व्हायचा. बाळंतपणात अडलेली बाई, साप चावलेला शेतमजूर, तापाने फणफणलेलं पोर, यांच्यासाठी जवळचा दवाखाना म्हणजे काय असतं हे गावाकडच्या माणसालाच कळतं.

या सगळ्याला पैसा कुठून आला?

सहकारी कारखान्यांची पद्धत अशी असते की उसाच्या बिलातून टनामागे थोडी रक्कम कापली जाते आणि ती सभासदांच्या मंजुरीने शाळा, रस्ते, दवाखाने अशा कामांना लावली जाते. एका शेतकऱ्याला ती कपात जाणवतही नाही. पण लाखो टन उसाची कपात एकत्र आली की इमारत उभी राहते.

दान आणि यात एक मोठा फरक आहे. दान देणारा एक असतो आणि त्याचं नाव दगडावर कोरलं जातं. घेणारा हात जोडून उभा राहतो. इथे शाळेत पोर घालणाऱ्या शेतकऱ्याला कुणापुढे वाकायचं नव्हतं. त्या भिंतीत त्याच्याही उसाचे पैसे होते. विठ्ठलरावांच्या समाजसेवेचं वेगळेपण हे आहे. लोकांना देण्याइतकी संपत्ती त्यांच्याकडे नव्हतीच. लोकांनीच एकमेकांना द्यावं, अशी सोय त्यांनी करून दिली.

घर आणि गाव

विठ्ठलरावांनी आपल्या मुलाचं नाव आपल्या वडिलांवरून एकनाथ ठेवलं. महाराष्ट्र त्यांना बाळासाहेब विखे पाटील म्हणून ओळखतो. आजोबांचं नाव नातवाला देणं ही आपल्याकडची जुनी रीत. पण या घरात नावाबरोबर कामही पुढे गेलं. बाळासाहेबांनी वडिलांसोबत संस्थांच्या कामात उमेदवारी केली, त्या वाढवल्या, १९७१ साली ते कोपरगावमधून लोकसभेवर निवडून गेले आणि पुढे केंद्रात मंत्री झाले. २०१० साली त्यांना पद्मभूषण मिळालं. म्हणजे बापाला पद्मश्री, लेकाला पद्मभूषण.

नातू राधाकृष्ण विखे पाटील शिर्डी मतदारसंघातून आमदार झाले, राज्यात मंत्री झाले. पणतू सुजय विखे पाटील २०१९ साली नगरमधून खासदार झाले. विठ्ठलरावांची स्वतःची ओळख मात्र आमदारकीने किंवा खासदारकीने झालेली नाही.

एका घरात चार पिढ्या लोकांसमोर असल्या की कौतुक होतं तशी टीकाही होते. संस्था सहकारी आहेत, पण त्यांच्यावरची पकड एका घराची आहे, हा आक्षेप महाराष्ट्रातल्या अनेक सहकारी घराण्यांवर घेतला जातो आणि विखे त्याला अपवाद नाहीत. त्याचं उत्तर ज्याने त्याने शोधावं. पण सुरुवातीला खुर्ची घराबाहेरच्या माणसाला दिली गेली होती, हे त्या चर्चेत विसरता कामा नये.

ज्या प्रश्नांची उत्तरं अजून मिळायची आहेत

विठ्ठलरावांच्या कारखान्याने जे बदललं ते मोठं आहे, पण सगळंच सुटलं असं नाही.

ऊस पाणी पितो. ज्या जिल्ह्याच्या दक्षिण भागात उन्हाळ्यात टँकर फिरतात, त्याच जिल्ह्याच्या उत्तरेला उसाची गर्दी आहे. भंडारदरा आणि गोदावरीच्या पाण्यावरून नगर-नाशिक विरुद्ध मराठवाडा हा वाद दर दुष्काळात पेटतो.

दुसरा प्रश्न कोयत्याचा. ऊस पिकवणारा मालक झाला, पण ऊस तोडणारा मालक झाला नाही. बीड आणि पाथर्डीकडून दरवर्षी येणारी तोडणी मजुरांची कुटुंबं अजूनही उचल घेऊन येतात आणि ती फेडत हंगाम काढतात. उचल म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे. शेतकऱ्याच्या गळ्यातला सावकाराचा फास ज्या चळवळीने काढला, तिच्या फडात दुसऱ्या कुणाच्या गळ्यात तसाच फास राहिला.

विठ्ठलरावांच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही. उलट त्यांनी १९२३ ला जो प्रश्न विचारला होता, तोच आज पुन्हा विचारायला हवा. ज्याच्या घामावर हे चाललंय, त्याची पत कोण उभी करणार?

शेवट

२७ एप्रिल १९८० रोजी विठ्ठलराव गेले. वय ८२ होतं. ज्या माळावर त्यांनी कारखाना उभा केला, तिथे तोवर वसाहत झाली होती. शाळेची घंटा वाजत होती आणि दवाखान्यात पेशंटची रांग लागत होती.

आज कारखान्याचं नाव पद्मश्री डॉ. विठ्ठलराव विखे पाटील सहकारी साखर कारखाना असं आहे. चौथी शिकलेल्या माणसाच्या नावाआधी मानाची डॉक्टर पदवी लागली आणि त्या नावाने इंजिनियरिंग आणि मेडिकलची कॉलेजंही निघाली. दरवर्षी नारळी पौर्णिमेला, त्यांच्या जन्मतिथीला, लोणी परिसरात कार्यक्रम होतो आणि त्यांच्या नावाचे साहित्य पुरस्कार दिले जातात. ज्यांचा अक्षरांशी संबंध चौथीत तुटला, त्यांच्या नावाने मराठी लेखकांचा सन्मान होतो.

पुढच्या वेळी शिर्डीला जाताना उसाच्या ट्रॅक्टरमागे गाडी अडकली तर हॉर्न वाजवत बसू नका. त्या मोळ्यांच्या बिलातून कुणाच्या तरी पोराची फी भरली जाणार आहे. आणि ते बिल शेतकऱ्याच्या स्वतःच्या नावावर निघतं, यासाठी एक माणूस पन्नाशीत गावोगाव फिरला होता.